कागद लावलेली खिडकी

१

आमच्या गल्लीत सकाळ खोकल्यांनी होते. आधी वरच्या मजल्यावरचे पोस्टमन, दोन कोरडे ठसके आणि मग नळाचा आवाज. त्यानंतर तळमजल्यावरच्या टेलरकाकू. त्यांचा खोकला चहा पोटात गेल्याशिवाय मोकळा होत नाही. मग आमचे हे. यांचा खोकला जुना ट्रक सुरू करावा तसा, दोनदा गुरगुरतो आणि तिसऱ्या खेपेला लागतो. डोळे मिटून अंथरुणात पडल्या पडल्या मी सांगू शकते, कोण उठलं, कोण अजून झोपलंय आणि कुणाचं दुखणं रात्रीत वाढलं.

गल्लीच्या टोकाला सिमेंटचा कारखाना आहे. हे तिथेच पोती भरायच्या यंत्रावर कामाला. कारखान्यानं आम्हाला घर दिलं, पगार दिला, आणि रोज सकाळी खिडकीच्या कठड्यावर चाळलेल्या पिठासारखा राखाडी थरही दिला. तो थर मी पांढऱ्या फडक्यानं पुसते. लग्न होऊन आले तेव्हापासून पुसतेय. टेलरकाकू म्हणतात, या गल्लीत पांढरं कापड शिवायला घेणं त्यांनी सोडून दिलं, काजं होईपर्यंत त्याचा रंग बदलतो.

आमची मुलगी नऊ वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती सरळ चालल्याचं कुणी पाहिलेलं नाही, गोल फिरतच यायची. थंडी सुरू झाली आणि भिंगरी सरळ चालू लागली. दुसऱ्या मजल्यावर यायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागायचं. आणि थांबली की बुटाची नाडी बांधायचं नाटक करायची, मला कळू नये म्हणून. नाडी नसलेल्या चपला घातल्या होत्या तेव्हासुद्धा तिनं ते नाटक केलं.

दर मंगळवारी दवाखान्यातल्या सिस्टर गल्लीत येत. त्यांच्याकडे एक नळी होती. मुलांनी त्यात जोरात फुंकायचं, की काटा सरकून आकड्यावर थांबे. भिंगरीचा पहिला आकडा एकशेसत्तर. सिस्टर म्हणाल्या, तिच्या उंचीच्या मुलीचा दोनशेच्या पुढे हवा. छातीचा पंप रोज द्या, धुळीपासून जपा.

मी धुळीपासून जपायचं ठरवलं. मनापासून ठरवलं.

२

मी व्रतं करणारी बाई आहे. हे चेष्टेनं म्हणतात, देवाच्या कचेरीत सगळ्यात जाड फाईल तुझी असेल. असू दे. मी एकेचाळीस दिवसांचा नेम धरला. भिंगरीच्या खोलीत कोपऱ्यात दिवा, तो एकेचाळीस दिवस विझू द्यायचा नाही. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर धूप. आणि दुपारी दोन ते चार दिव्यापाशी मौन. ती वेळ मी मुद्दाम निवडली होती. हे कामावर असतात, भिंगरी औषधानं झोपते, गल्लीही पेंगते.

आणि खिडकी बंद. नुसती बंद नाही. यांनी कारखान्यातून पोत्यांचा कोरा जाड कागद आणला. मी खळ शिजवली. काचेवर, चौकटीवर, फटींवर कागद चिकटवला, कडांना चिकटपट्टी लावली. दाराखाली ओल्या फडक्याची गुंडाळी ठेवली. काम झाल्यावर दुपारचं ऊन त्या कागदातून मधासारखं पिवळं आत यायला लागलं. भिंगरी म्हणाली, आई, आपण बरणीत बसलोय.

आठ दिवस नेम सुरळीत चालला. नवव्या दिवशी, चार वाजता मौन सोडून उठले, तर खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातली पट्टी सुटलेली. बोटभरच. खळ सुकली असेल म्हणून मी परत लावली. दहाव्या दिवशी तोच कोपरा. अकराव्या दिवशी तोच.

कागद आपोआप सुटतो तेव्हा तो वाकडातिकडा वळतो. हा नीट दुमडला होता. कुणीतरी नखानं कड उचलावी, अंगठ्यानं मागे दाबावी, तसा. आणि आतल्या बाजूनं.

मी भिंगरीला विचारलं. ती म्हणाली, मी तर झोपलेली असते. यांना सांगितलं. हे म्हणाले, पोरगी झोपेत उठत असेल, नाहीतर तूच डुलकी घेत असशील देवासमोर. मी कबूल करते, हे मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. पट्टीवर पट्टी लावली आणि वर यांच्याकडून दोन खिळे मारून घेतले.

३

मौनात बसलं की कान मोठे होतात. भांड्यात पडलेला थेंबसुद्धा हाक मारल्यासारखा वाटतो. चौदाव्या दिवशी मी दिव्याकडे बघत होते आणि ज्योत कलली.

ज्या खोलीत वाऱ्याला शिरायला सुईएवढी वाट नाही, त्या खोलीत ज्योत कलली. खिडकीकडे. मग सरळ झाली, थरथरली, आणि उलट बाजूला कलली. पुन्हा खिडकीकडे. मी मोजलं नाही, पण त्याला एक ठेका होता. तो ठेका कानाला ओळखीचा वाटत होता. पण कुठला ते आठवेना.

मग ऐकू आला तो आवाज. भिंगरीचा श्वास मला पाठ आहे, बारीक शिट्टीचा, मांजराच्या पिल्लासारखा. माझा श्वास मला माहीत आहे. त्या दोन्हींच्या खाली तिसरं काहीतरी होतं. खरखरीत, खोलवरचं.

मनानं लगेच दहा कारणं पुढे केली. खाली टेलरकाकूंचं मशीन असेल. पाण्याचा पाइप असेल. माझाच श्वास भिंतीवर आपटून परत येत असेल.

शेवटचं कारण तपासता येण्यासारखं होतं. मी श्वास रोखला.

माझा श्वास थांबल्यावर खोलीत एकच श्वास उरायला हवा होता. दोन उरले.

मी ओरडले नाही. दुसरा श्वास खिडकीच्या बाजूनं येत होता. आत घेताना दोन तुकडे, आखूड आखूड. सोडताना एक लांब, अडत अडत, शेवटी टोकाला शीळ. मग पुन्हा दोन तुकडे. मी मान वळवली नाही. नजर ज्योतीवर ठेवून देवाचं नाव घेत राहिले. चार वाजले, वर पोस्टमनच्या घरी दार वाजलं, आणि तो आवाज थांबला.

कोपरा सुटला होता. खिळे जागच्या जागी होते. त्यांच्या मधून कागद फाडून दुमडला होता, बोटभर.

४

तुम्ही म्हणाल, मग खोली का नाही बदललीस? मुलीला घेऊन बाहेर का नाही निजलीस? कारण मला वाटलं, मला कळलंय. काहीतरी आहे, ज्याला आत धूळ हवी आहे. माझी मुलगी हवी आहे. ते खिडकी उघडू बघतंय आणि माझा दिवा त्याला अडवतोय. असं एकदा मनानं घेतलं की सगळं त्याच चौकटीत बसायला लागतं.

मी नेम वाढवला. धूप चिमटीचा मूठभर झाला. दिव्यात दोन वाती केल्या. कागदाचा दुसरा थर लावला. हे ठोकताना म्हणाले, आता उजेडालासुद्धा अर्ज करावा लागेल. पण यांनी ठोकलं. यांनाही मुलगी जगायला हवी होती.

मंगळवारी आकडा आला एकशेपंचावन्न. पुढच्या मंगळवारी एकशेचाळीस. सिस्टर पायरीवर उभ्या राहूनच फुंकून घेत, त्यांना अजून बत्तीस घरं करायची असत. त्यांच्या वहीत या थंडीत सगळ्याच गल्लीचे आकडे उतरत होते. सात मुलं, चार म्हातारी माणसं, आणि टेलरकाकू. बाहेरची हवाच वाईट आहे या दिवसांत, त्या म्हणाल्या, पंप चुकवू नका. मी चुकवत नव्हते. पण खोली दाखवायला मी त्यांना आत बोलावलं नाही. व्रताच्या खोलीत चपला घालून कुणी येऊ नये असं मला वाटत होतं.

एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नाही. आतला कठडा मी पुसला तेव्हा फडकं काळं झालं. बाहेरची धूळ राखाडी असते, वीस वर्षं बघतेय. हा थर काळा होता, काजळासारखा, बोटाला चिकटणारा. आणि त्या काळ्या थरात चार जागा स्वच्छ होत्या. पुढे दोन रुंद, तळहाताएवढ्या. मागे दोन लहान, गोल.

मी त्यावरून फडकं फिरवलं आणि हात तीनदा धुतले.

५

त्या गोल खुणा कसल्या, हे मला धुण्याच्या दगडापाशी कळलं. यांचा शर्ट घासत होते. दमले म्हणून शेजारच्या कठड्यावर पुढे वाकून दोन्ही कोपरं टेकली आणि श्वास घ्यायला थांबले. खाली बघितलं, तर ओल्या कठड्यावर माझे तळवे आणि माझी कोपरं.

सासूबाई अशाच बसायच्या.

दोन वर्षांपूर्वी त्या याच खोलीत गेल्या. तीस वर्षं कारखान्याच्या अंगणात पोती झटकायचं काम केलेलं. शेवटच्या महिन्यांत त्यांना आडवं पडता येईना. खिडकीपाशी स्टुलावर बसायच्या, पुढे वाकून, कोपरं कठड्यावर टेकून. आत घेताना दोन तुकडे. सोडताना एक लांब, टोकाला शीळ. सगळ्या गल्लीचे खोकले ओळखणारी मी, आणि आपल्या घरातला श्वास मला ओळखू आला नव्हता.

त्या शेवटच्या दुपारी त्यांनी खिडकीकडे बोट केलं होतं. म्हणाल्या, उघड गं जरा. मी म्हणाले, धूळ येते, सासूबाई, तुम्हालाच त्रास होईल. आणि मी त्यांच्यासाठी धूप लावला. भांडण नव्हतं, राग नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे बरं असं. तासाभरानं त्या गेल्या.

हे मी यांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला वेगळीच भीती वाटली. आतापर्यंत वाटत होतं, ते आत काय आणू बघतंय. आता वाटलं, त्या मुलीसाठी आल्या असतील तर. न्यायला आल्या असतील तर. फार जीव होता भिंगरीवर. आणि माझ्यावर राग धरायला त्यांना कारणही होतं.

मी अजून एक पट्टी लावली. देव मला क्षमा करो.

६

तेहेतिसाव्या दिवशी दुपारी ज्योत कललीच नाही. ती खुजी झाली. दोन्ही वाती भरल्या तेलात तांबूस होऊन बसल्या, जणू त्यांचाही जीव घाबरला होता. धुपाचा धूर छतापाशी थर धरून थांबला होता. डोकं जड, डोळे चुरचुरत होते. मी रोजच्यासारखं मनाशी म्हणाले, तपाला त्रास असायचाच.

तो श्वास सुरू झाला. आज मोठ्यानं. दोन तुकडे, एक लांब. दोन तुकडे, एक लांब. इतक्या घाईनं की मला वाटलं, आता खोकला येईल आणि सगळी गल्ली ओळखेल.

मी सवयीनं माझा श्वास रोखला, दोन उरतात का बघायला.

एकच उरला. तो खिडकीपाशी होता.

पलंगावरून काहीच ऐकू येत नव्हतं. ती बारीक शिट्टी नव्हती. भिंगरी उठून बसली होती, डोळे उघडे, खांदे कानांपर्यंत चढलेले, गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता, आणि आवाज नव्हता. ओठ जांभळट. ती माझ्याकडे बघत होती. दोन्ही हात पुढे गादीवर टेकलेले, कोपरं बाहेर. आजीसारखी.

मी वळले. तेहेतीस दिवसांत मौनाच्या वेळी पहिल्यांदा खिडकीकडे तोंड केलं.

जे दिसलं ते पापणी लवण्याइतकंच. पिवळ्या कागदावर पाठमोरी वाकलेली काळोखी, बारीक खांदे, आणि एका हाताचं बोट त्या कोपऱ्याशी. नखानं कड शोधणारं. म्हाताऱ्या माणसाला सुईत दोरा ओवताना जसं जमत नाही आणि तरी ते सोडत नाही, तसं ते बोट चाचपडत होतं. कुणी कुणाला न्यायला आलेलं नव्हतं. त्या फक्त पट्टी सोडवत होत्या. रोज बोटभर. तेवढंच जमत होतं त्यांना.

माझं मौन सुटलं.

"सरका, सासूबाई," मी म्हणाले. "मी उघडते."

कागद मी दोन्ही हातांनी ओरबाडला. खिळे निघाले, तळहात फाटला, ते नंतर कळलं. खिडकी ढकलली तेव्हा खोली ढेकर दिल्यासारखी हलली, धूर छतावरून निसटून बाहेर गेला, आणि दिवा विझला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंगरीला खिडकीत आणून मांडीवर टेकवलं, पंप दिला, थांबले, पुन्हा दिला. खाली बघून हाक मारली तेव्हा टेलरकाकू तोंडात टाचण्या धरून वर बघत होत्या. त्यांनी टाचण्या थुंकल्या आणि दवाखान्याकडे पळाल्या, सत्तर वर्षांची बाई.

तिसऱ्या पंपानंतर ती शिट्टी परत आली. इतकी बारीक. त्याहून गोड आवाज मी जन्मात ऐकलेला नाही.

७

सिस्टर या वेळी आत आल्या, चपलांसकट. भिंगरीच्या तोंडावर प्राणवायू लावला, गाडी येईपर्यंत खोलीभर नजर फिरवली. दिवा, धूपदाणी, फाटका कागद, छतावरचा काळा वर्तुळाकार डाग. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कठड्यावर बोट फिरवलं आणि ते काळं बोट मला दाखवलं.

मी म्हणाले, "मी तिला जपत होते."

त्या म्हणाल्या, "हो. आता हवेतही जपू."

त्यांनी सांगितलं ते साधं होतं. बंद खोलीत धूर बाहेरच्या धुळीइतकाच वाईट, कधी जास्त. आणि थंडीत बाहेरची हवाही दिवसभर सारखी नसते. पहाटे धूळ जमिनीलगत साचून बसते, तेव्हा खिडकी बंद. दुपारी ऊन तापलं की ती वर उचलली जाते. दोन ते चार सगळ्यात हलकी. तेव्हा उघडायची.

दोन ते चार. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, मला समजलं नाही, म्हणून त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलं.

भिंगरी चार दिवस दवाखान्यात होती. घरी आली तेव्हा आकडा दीडशे, पंधरा दिवसांनी एकशेऐंशी. मोडलेल्या व्रताचं काय करायचं, हा प्रश्न मी देवासमोर ठेवला. विझलेल्या दिव्यापुढे बसले आणि मला देवाचा कोप अजिबात जाणवला नाही, उलट हलकं वाटलं. उरलेले आठ दिवस मी वेगळ्या रीतीनं पुरे केले. न पेटवता. रोज सकाळी बाहेरचा कठडा नव्या पांढऱ्या फडक्यानं पुसायचा, फडक्यावर तारीख घालायची, ते न धुता ठेवायचं. का, ते मलाही ठाऊक नव्हतं. टेलरकाकूंना ठाऊक होतं. त्यांनी आपलाही कठडा पुसला, पोस्टमनच्या बायकोनं पुसला, मग बत्तीसही घरांनी. आठ दिवस संपले तरी पुसणं थांबलं नाही; दोन महिन्यांची फडकी काकूंनी जोडून चादर शिवली. पांढरं कापड घेणार नाही म्हणणाऱ्या बाईनं.

ती चादर आणि सिस्टरांची वही घेऊन आम्ही बायका कारखान्याच्या धुळीबद्दलच्या सरकारी सुनावणीला गेलो. वहीतल्या आकड्यांवर साहेब लोकांनी बराच वाद घातला. चादरीवर घातला नाही. एकानं नुसतं बोट टेकवलं, बोटाकडे बघितलं आणि रुमाल शोधला. आता कारखान्याच्या चिमणीभोवती परांची बांधलीय. गाळण्या बसवतायत. हे म्हणतात, अर्धं काम झालं, अर्ध्यासाठी परत जायला लागेल. जाऊ. चादर मोठी करायला जागा आहे.

यांनाही मी सगळं सांगितलं, ती शेवटची दुपारही. हे म्हणाले, "आई तशीच होती. दारात घेणार नाही म्हटलं तरी मागच्या खिडकीतून मला डबा द्यायची." आणि खोकायला लागले. तो खोकला नेहमीचा नव्हता, पण मी ओळखला.

काल मंगळवार होता. आकडा दोनशेदहा. भिंगरी जिना एका दमात उतरली आणि गल्लीत गोल गोल फिरत सुटली. मी वर होते, दोन वाजलेले, खिडकी उघडी. कठडा पुसून मी पलंगावर टेकले. खोलीत मी एकटीच.

एकटीच आहे का, हे बघावंसं वाटलं. म्हणून मी श्वास रोखला.

खिडकीपाशी एक श्वास होता. आत एका दमात, बाहेर एका दमात, मध्ये कुठेच न अडता. फार दिवसांनी गाढ झोप लागलेल्या माणसासारखा.

मी मान वळवली नाही. बसल्या जागेवरून हात लांब करून खिडकीचं दुसरं दारही उघडलं.